कुत्र्याच्या लघवीतला ताण: आकडा आणि त्याचा अर्थ

कुत्रे कोपऱ्यात अंग चोरून बसते, समोर टाकलेल्या भाकरीला तोंड लावत नाही, कोणी जवळ गेले की थरथरते. घरातला एक जण म्हणतो, याला काहीतरी होतंय. दुसरा म्हणतो, रात्री फटाके वाजले ना, भ्यायलंय ते. दोघांपैकी कोण बरोबर, याचे उत्तर पशुवैद्यक गेली चाळीस वर्षे कुत्र्याच्या लघवीत शोधत आहेत. ताण आला की शरीर काही संप्रेरके रक्तात सोडते. त्यांचा थोडा भाग मूत्रपिंडातून गाळला जाऊन लघवीत उतरतो. तो मोजला की आतला ताण आकड्यात सांगता येतो. आकडा मिळतो, याबद्दल वाद नाही. अडचण त्यानंतर सुरू होते, कारण रोग आणि भीती दोन्ही तोच आकडा वाढवतात. लघवी कुठे आणि कधी धरली हे ठाऊक नसेल, तर हातातला अहवाल निरुपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत या विषयावरचे संशोधन वाचून झाले आहे. आणि ही अट पाळणे जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीसारख्या गावाला शहरातल्या मोठ्या दवाखान्यापेक्षा सोपे आहे.

या अभ्यासाचा उगम एका प्रयोगात आहे आणि त्यातही कुत्रे होतेच, पण भिववणाऱ्याच्या भूमिकेत. १९११ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन आणि त्यांचे सहकारी द ला पाझ यांनी मांजरांसमोर कुत्रे भुंकवले. घाबरण्याआधी आणि घाबरल्यानंतर, असे दोनदा मांजराच्या अधिवृक्क ग्रंथीजवळच्या शिरेतून रक्त काढले आणि ते आतड्याच्या स्नायूच्या पट्टीवर सोडले. शांत मांजराच्या रक्तात ती पट्टी नेहमीसारखी आकुंचन पावत राहिली. घाबरलेल्या मांजराच्या रक्तात ती सैल पडली, आणि ॲड्रिनॅलिन नेमके हेच करते. मनातली भीती रक्तात उतरते, याचा तो पहिला ठोस पुरावा होता. पुढे १९३६ मध्ये मॉन्ट्रियलच्या हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की थंडी, जखम, विष, अतिश्रम अशा अगदी वेगवेगळ्या माऱ्यांना शरीर बऱ्याच अंशी एकसारखेच उत्तर देते आणि त्यात अधिवृक्क ग्रंथी फुगतात. कारण वेगळे आणि उत्तर एकच, हा सेल्ये यांचा शोध. आजच्या लघवी-चाचणीची सगळी डोकेदुखी त्यातूनच आलेली आहे.

मूत्रपिंडांच्या टोकाशी बसलेल्या या इवल्याशा ग्रंथींचे दोन भाग दोन वेगळी कामे करतात. आतला गाभा मज्जातंतूंच्या इशाऱ्यावर काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन सोडतो. छाती धडधडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पाठीवरचे केस उभे राहतात. बाहेरच्या सालीला हुकूम मेंदूतून पायरीपायरीने येतो: आधी हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी, मग अधिवृक्काची साल. म्हणून तिथले कॉर्टिसॉल वाढायला काही मिनिटे लागतात, पण ते रेंगाळतेही जास्त वेळ. लघवीत ही दोन्ही कुळे सापडतात. कॉर्टिसॉल मोजणे स्वस्त आणि सोपे, तर ॲड्रिनॅलिनचे कुळ मोजणे महाग आणि नाजूक.

रक्त तपासण्याऐवजी लघवी का? कुत्र्याचे रक्त काढताना दोघांनी धरावे लागते, तोंडाला पट्टी बांधावी लागते, पायावरचे केस कापून सुई टोचावी लागते. ताण मोजण्याची ही पद्धतच ताण देणारी आहे. शिवाय रक्तातले कॉर्टिसॉल मिनिटामिनिटाला खालीवर होते, त्यामुळे रक्ताचा आकडा फक्त त्या क्षणापुरता खरा. लघवी मात्र मूत्राशयात तासन् तास साठत असते. सकाळच्या पहिल्या लघवीत सगळ्या रात्रीची सरासरी उतरलेली असते. लाळेतूनही कॉर्टिसॉल मोजतात, पण ती मागच्या काही मिनिटांचेच सांगते. केसांतून कित्येक महिन्यांचा हिशेब निघतो. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने २०१९ मध्ये ५८ कुत्रे आणि त्यांच्या मालकिणींचे केस तपासले, तेव्हा दोघांच्या दीर्घकाळच्या कॉर्टिसॉलची पातळी एकमेकींशी जुळत असल्याचे दिसले. हा निष्कर्ष कुतूहल वाढवणारा आहे, पण आजारी कुत्र्याच्या उपचाराला त्याचा लगेच उपयोग नाही. तिथे लघवीच कामाची.

लघवीची एक खोड आहे. कुत्र्याने पाणी जास्त प्यायले की ती पातळ होते आणि तिच्यातले सगळेच पदार्थ विरळ होतात. यावर उपाय म्हणून त्याच नमुन्यात क्रिएटिनिनही मोजतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि बऱ्यापैकी ठरावीक गतीने बाहेर पडते. कॉर्टिसॉलला क्रिएटिनिनने भागले की पाण्याचा परिणाम निघून जातो. समजा एका सकाळी कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅम आणि क्रिएटिनिन १०० मिलिग्रॅम आले. कॉर्टिसॉलला २७.६ ने गुणले की साधारण ५५ नॅनोमोल प्रतिलिटर होतात. क्रिएटिनिनला ०.०८८४ ने गुणले की ८.८४ मिलिमोल प्रतिलिटर होतात. भागाकार ६.२, म्हणजे शास्त्रीय लिखाणात दहा लाखांत ६.२ भाग. दुसऱ्या दिवशी कुत्रे घटाघटा पाणी प्यायले आणि आकडे ०.८ व ४० असे आले, तरी भागाकार ६.२ च राहतो. माणसांच्या लॅबमधून अहवाल आला तर ही गुणाकाराची पायरी डॉक्टरांना स्वतः करावी लागते, कारण माणसांत सहसा चोवीस तासांची लघवी मोजतात आणि अहवालाचा नमुनाही त्याच बेताचा असतो.

हे गुणोत्तर पशुवैद्यकात रुळवण्याचे श्रेय हॉलंडमधल्या उट्रेख्त विद्यापीठाचे. ॲड रायनबर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लघवीतले कॉर्टिकॉइड मोजून कुशिंग रोगाचे निदान करता येते, असे मांडले आणि १९८८ मध्ये क्रिएटिनिनशी केलेले गुणोत्तर इतर चाचण्यांच्या तुलनेत पारखून दाखवले. कुशिंगमध्ये शरीर कॉर्टिसॉल गरजेपेक्षा जास्त बनवते. बहुतेक कुत्र्यांत पिट्युटरीवरची छोटी गाठ याला कारण असते, उरलेल्यांत अधिवृक्क ग्रंथीवरची. मध्यम वयाचे किंवा म्हातारे कुत्रे, सारखे पाणी पिते, घरात लघवी करते, पोट लोंबते, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच झडतात, भूक मात्र राक्षसी. उट्रेख्तच्या पद्धतीत निरोगी कुत्र्याचे गुणोत्तर दहा लाखांत साधारण १० च्या आत राहत असे. वेगळ्या रसायनांनी मोजणाऱ्या प्रयोगशाळांत ही मर्यादा त्याच्या दुप्पट-तिप्पटही असू शकते, कारण मोजणारी प्रतिद्रव्ये कॉर्टिसॉलसोबत त्याच्या विघटनातून झालेली भावंडेही कमीजास्त मोजतात. एका लॅबची मर्यादा दुसऱ्या लॅबच्या अहवालाला लावणे म्हणजे सरळ चूक.

काही वर्षे ही चाचणी फार आशादायक वाटली. कुशिंग झालेल्या जवळजवळ सगळ्या कुत्र्यांत गुणोत्तर वाढलेले असे. मग १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी दुसऱ्या आजारांच्या कुत्र्यांची लघवी तपासली आणि चित्र पालटले. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, यकृताचा विकार, कुत्रीच्या गर्भाशयात झालेला पू, अशा अनेक आजारांतही गुणोत्तर मर्यादेबाहेर जात होते. अधिवृक्क ग्रंथी ठणठणीत होत्या, त्या फक्त आपले काम करत होत्या: शरीर संकटात आहे म्हणून कॉर्टिसॉल सोडत होत्या. थोडक्यात, वाढलेल्या आकड्यावरून कुशिंग सिद्ध होत नाही, आणि नेहमीच्या मर्यादेतला आकडा आला तर कुशिंग बहुधा नाही असे म्हणता येते. चाचणीचा खरा उपयोग 'कुशिंग नाही' असे म्हणण्यासाठी आहे. अगदी कमी आलेला आकडा ॲडिसन रोगाकडे बोट दाखवतो. त्यात अधिवृक्काची साल निकामी झालेली असते आणि कुत्रे कधी एकाएकी कोसळते.

आजारी कुत्र्याबाबत आणखी एक सापळा आहे. लांबलेल्या दुखण्यात स्नायू झडतात. स्नायू घटले की क्रिएटिनिन घटते, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा लहान होतो आणि कॉर्टिसॉल तेवढेच असले तरी गुणोत्तर फुगते. उलट ग्रेहाउंडसारख्या पिळदार कुत्र्यांच्या रक्तात क्रिएटिनिन मुळातच जास्त असते. आपल्याकडे मेंढपाळांबरोबर आणि शेतवस्तीवर दिसणारी उंच, सडपातळ पश्मी किंवा कारवानी कुत्री त्याच घाटणीची. पाश्चात्त्य पाळीव कुत्र्यांवर ठरवलेल्या मर्यादा त्यांना जशाच्या तशा लावू नयेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुन्हा उट्रेख्तमधलाच, १९९८ चा अभ्यास. फान फोंडेरेन, कोइस्त्रा आणि रायनबर्क यांनी पाळीव कुत्र्यांची लघवी घरी धरायला सांगितली आणि दवाखान्याची भेट, तपासणी, भरती यांच्या आगेमागे गुणोत्तर कसे बदलते ते पाहिले. दवाखान्यात नेणे, टेबलावर चढवणे, रात्रभर ठेवून घेणे, एवढ्यानेही ते वाढत होते, आणि काही कुत्र्यांत तर रोगाच्या मर्यादेपलीकडे जात होते. अंगात कुठलाही रोग नव्हता. पांढरा कोट, परक्या जनावरांचे वास, गाडीचा प्रवास, एवढेच पुरेसे ठरले. म्हणून अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकमत-निवेदनात स्पष्ट सांगितले: लघवी घरी धरावी, आणि दवाखान्याच्या भेटीनंतर किमान दोन दिवस जाऊ द्यावेत. दवाखान्यातच नळी घालून काढलेल्या लघवीवरून कुशिंगचा संशय घेणे या निवेदनानंतर तरी क्षम्य नाही. चुकीच्या निदानाची किंमत कुत्रे मोजते. कुशिंगसाठी दिले जाणारे ट्रायलोस्टेन कॉर्टिसॉल बनणेच रोखते. ज्याला ते जास्त नव्हतेच, त्याला ते औषध दिले तर जीवावर बेतू शकते.

ॲड्रिनॅलिनच्या कुळाची कथाही याच वळणाने गेली. झुरिकमधल्या पशुवैद्यकांनी २००७ मध्ये निरोगी कुत्र्यांची घरची आणि दवाखान्यातली लघवी तपासली. इथेही जागेचा परिणाम दिसला. अधिवृक्काच्या गाभ्यात होणारी फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ ओळखायला हे मोजमाप लागते, आणि त्यात नॉरॲड्रिनॅलिनपासून बनणारे नॉर्मेटानेफ्रिन सर्वांत भरवशाचे ठरले. पण नमुना आम्ल घालून, उजेडापासून झाकून, गोठवून पाठवावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी हे जमणे अवघड. कॉर्टिसॉलचा नमुना मात्र झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवला तरी टिकतो.

रोगनिदानात ही चाचणी जिथे लंगडी पडते, नेमके तिथेच तिचे दुसरे काम सुरू होते. निरोगी कुत्र्याचा आकडा भीतीने वाढतो, तर तो भीतीच मोजायला वापरावा. हॉलंडमध्ये बीअर्डा यांनी मोकळ्या जागेत, गटात वाढलेल्या बीगल कुत्र्यांना एकेकटे अरुंद खोल्यांत ठेवले आणि लाळेतले व लघवीतले कॉर्टिसॉल वाढलेले नोंदवले. हे १९९९ चे संशोधन. ब्रिस्टल विद्यापीठातल्या रूनी, गेन्स आणि ब्रॅडशॉ यांनी २००७ मध्ये प्रशिक्षणासाठी आणलेल्या लॅब्राडॉरांची लघवी तपासली. श्वानगृहातल्या पहिल्या रात्रीनंतर आकडा उसळला, पण ज्यांना आधीपासून थोडी थोडी सवय लावली होती त्यांच्यात ती उसळी कमी होती. आणि २०१९ मध्ये लिसा गुंटर यांच्या गटाने अमेरिकेतल्या पाच निवारागृहांमधल्या २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी कुणाच्या तरी घरी झोपायला पाठवले. त्या रात्रींत गुणोत्तर उतरले. परत आल्यावर ते पूर्वीच्या पातळीला गेले, त्याहून वर गेले नाही. घर दाखवून परत आणल्याने कुत्रा जास्तच खचतो, ही समजूत त्या आकड्यांनी खोडली.

भारतात हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवारागृहांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी आणि लसीकरण करून बहुतेक कुत्री मूळ जागी सोडावीत असे सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके इथली कुत्री उचलून निवाऱ्यात नेण्यास आणि पुन्हा तिथे न सोडण्यास सांगितले. कुत्रा चावलेल्या माणसांचे दुःख खरे आहे आणि रेबीज जीव घेतो, यात दुमत असू नये. पण ज्यांना कोंडायचे त्यांची अवस्था काय होते, हे जाळीबाहेरून बघून ठरवणे पुरेसे नाही. गप्प बसलेले कुत्रे रुळले असेल किंवा हबकलेले असेल. पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने लघवीचे गुणोत्तर घेतले तर निवारागृह कसे चालले आहे, याची नोंद कागदावर येईल. खर्चही फार नाही.

महाराष्ट्रात गावकुत्र्यांचे शरीर शास्त्रीय पद्धतीने तपासण्याची वाट सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजने दाखवली आहे. तिथल्या माळढोक अभयारण्याच्या आसपास अबी तमीम वनक आणि पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांनी कुत्री आणि खोकड यांचा अभ्यास केला. गावकुत्र्यांच्या रक्तात पार्व्हो, डिस्टेंपर, ॲडिनोव्हायरस यांच्याशी गाठ पडल्याच्या खुणा मोठ्या प्रमाणात सापडल्या. म्हणजे गावात धडधाकट दिसणारे कुत्रे अनेक आजारांतून तरून आलेले असते. 'निरोगी' कुत्र्यांचा गट निवडताना हे लक्षात ठेवावे लागेल. अंगावर गोचीड नाहीत, ताप नाही, हिरड्या गुलाबी आहेत, रक्ताची साधी तपासणी ठीक आहे, एवढे बघितल्याशिवाय कोणत्याही कुत्र्याला निरोगी गटात घालू नये. गोचीडताप मराठवाड्यात नवा नाही, आणि तो आतल्या आत बराच काळ राहू शकतो.

अंतरवाली सराटी हे अंबड तालुक्यातले, वडीगोद्रीजवळचे गाव. २९ ऑगस्ट २०२३ ला मराठा आरक्षणासाठी सुरू झालेले उपोषण, १ सप्टेंबरचा लाठीमार आणि अश्रुधूर, १४ ऑक्टोबरची अफाट सभा, यांमुळे ते राज्याला ठाऊक झाले. एरवी ते ऊस-कापसाच्या पट्ट्यातल्या चारचौघांसारखेच गाव, कुत्रीही तशीच: काही वस्तीवर साखळीला, काही दारात मोकळी, काही कुणाचीच नाहीत. अशा गावात घरी धरलेल्या लघवीचा नमुना मिळवणे सोपे आहे, कारण कुत्रे जिथे जगते तिथेच ते तपासले जाते. सकाळी साखळी सोडली की कुत्रा तडक ट्रॅक्टरच्या चाकाकडे जातो आणि तंगडी वर करतो. पहिली धार जाऊ द्यायची आणि मग लांब दांड्याची पळी बाजूने, न बोलता, धारेखाली सरकवायची. समोरून गेले की तो पाय खाली घेतो. कुत्री बसते, तिच्यासाठी सपाट ताटली बरी. भांडे साबणाचा अंश न ठेवता धुवून वाळवलेले हवे. दोन-तीन चमचे लघवी पुरते. बाटलीवर तारीख, वेळ आणि आदल्या दोन दिवसांत काय घडले ते लिहायचे: फटाके, भांडण, पाहुणे, प्रवास, माजावर येणे. लागोपाठ दोन सकाळींचे नमुने घेतले तर उत्तम. हातमोजे मात्र घालावेत. लेप्टोस्पायरोसिस लघवीतूनच पसरतो, आणि २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याचा फटका सोसला आहे. अनोळखी किंवा पिसाळल्याचा संशय असलेल्या कुत्र्याच्या जवळ कोणी जाऊच नये.

बाटलीवरच्या त्या नोंदीत एक रकाना औषधांचा हवाच. खाज सुटली, केस गेले की स्टेरॉइडचे इंजेक्शन, हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो. बाहेरून स्टेरॉइड सारखे मिळत राहिले की कुत्र्याच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. पोट लोंबलेले, केस झडलेले, दिसायला हुबेहूब कुशिंग, आणि लघवीतले कॉर्टिसॉल तळाला. किंवा प्रेडनिसोलोन चालू असेल तर मोजणारी रसायने त्यालाच कॉर्टिसॉल समजतात आणि आकडा खोटाच वर जातो. कोणते इंजेक्शन कधी दिले, हे मालकाला विचारल्याशिवाय अहवाल उघडूही नये.

परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय मराठवाड्याच्या मध्यावर आहे आणि नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा आधार त्याच्या पाठीशी आहे. अंबड, घनसावंगी, परतूर अशा तालुक्यांतल्या खेड्यांमधून निरोगी गावकुत्री, साखळीची कुत्री आणि पश्मी कुत्री यांचे घरी धरलेले नमुने घेऊन, एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने मोजून मराठवाड्यासाठी स्वतःच्या मर्यादा बसवणे हे पदव्युत्तर प्रबंधाच्या आवाक्यातले काम आहे. ते कोणीतरी हाती घ्यावे. त्या मर्यादा हाती येईपर्यंत गुणोत्तराचा वापर कुशिंग नाकारण्यापुरता करावा आणि वाढलेल्या आकड्यावर डेक्सामेथासोनच्या कमी मात्रेची चाचणी केल्याशिवाय औषध सुरू करू नये. कुत्रे पाळणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: कुत्रे आजारी वाटले आणि दवाखान्यात न्यायचे ठरले, तर निघण्याआधी सकाळची लघवी घरीच धरून, तारीख-वेळ लिहून बरोबर न्या. दवाखान्यात पोहोचल्यावर धरलेली लघवी या तपासणीसाठी कामाची नसते.